सल्ला: जॅकार्डचं सॉफ्टवेअर लिनक्सवर न्यायचंय, ग्राफिक्स लायब्ररी कुठली घेऊ?

इचलकरंजीहून एका वाचकाचं पत्र आलंय. मोठं आहे, कामापुरतं इथे देते.

"ताई, आम्ही दोघं भाऊ यंत्रमागवाल्यांसाठी डॉबी आणि जॅकार्डचं डिझाइन काढायचं सॉफ्टवेअर बनवून विकतो. व्हिज्युअल सी प्लस प्लस आणि एमएफसीमध्ये आहे, २००५ पासून वाढवत आणलंय. ग्राफ जीडीआयने काढतो, कापड विणल्यावर कसं दिसेल तो प्रिव्ह्यू ओपनजीएलमध्ये आहे. गिऱ्हाइकांची मशीनं जुनी, विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ११ त्यांच्यावर चढत नाही, म्हणून बरेच जण विचारतायत की लिनक्सवर चालेल का. धाकटा म्हणतो सगळं व्हल्कनमध्ये करू, म्हणजे पुढची वीस वर्षं बघायला नको. एक मित्र म्हणतो एसडीएल घ्या, सोपं आहे. दुसरा म्हणतो ब्राउझरवालं करून टाका. तीन महिने झाले आम्ही नुसते व्हिडिओ बघतोय. कुठली लायब्ररी घेऊ ते एकदा सांगा."

(बाकी वाचकांसाठी दोन शब्द: डॉबी आणि जॅकार्ड म्हणजे मागावर नक्षी विणणारी यंत्रणा. लायब्ररी म्हणजे आपल्या प्रोग्रामला जोडायचा तयार कोड. एमएफसी ही विंडोजचे प्रोग्राम लिहायची मायक्रोसॉफ्टची लायब्ररी, जीडीआय हा विंडोजचा चित्र काढायचा भाग. ओपनजीएल आणि व्हल्कन हे ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घ्यायचे दोन मार्ग, एक जुना, एक नवा. एसडीएल ही गेमवाल्यांची लायब्ररी.)

दादा, नाव आधी सांगते, कारणं मागून. डब्ल्यूएक्सविजेट्स घ्या, खिडक्या, मेनू, प्रिंट सगळं देणारी सी प्लस प्लसची लायब्ररी आहे. प्रिव्ह्यूचा ओपनजीएलचा कोड आहे तसाच राहू द्या. व्हल्कनला आत्ता हात लावू नका.

आता का ते. लायब्ररी निवडताना आपण सगळे पडद्याकडे बघतो, कोणाचा डेमो किती भराभर फिरतो ते बघतो, पण तुमच्यासारख्या सॉफ्टवेअरचं घोडं पडद्यावर अडतच नाही, ते अडतं मराठी अक्षरांवर आणि प्रिंटरवर. काही वर्षांपूर्वी मी एका छापखान्याचं लेबल काढायचं सॉफ्टवेअर विंडोजवरून लिनक्सवर नेलं होतं. गेमसाठी बनवलेली एक लायब्ररी घेतली, तीन आठवड्यांत पडदा हुबेहूब तयार, मालक खूश. मग प्रिंटचं बटण दाबायची वेळ आली आणि कळलं की त्या लायब्ररीला प्रिंटर ही गोष्टच माहीत नाही. मग काय, सगळं लेबल मोठ्या बिटमॅपवर काढायचं आणि ते चित्र प्रिंटरला पाठवायचं, अक्षरांच्या कडा फाटलेल्या, फाइल अवाढव्य, आणि वरून मराठीची जोडाक्षरं तुटलेली. पाच महिने ठिगळं लावली आणि शेवटी सगळं काढून दुसऱ्या लायब्ररीवर परत केलं. लायब्ररीचा दोष नव्हता, ती त्या कामाची नव्हतीच, निवड माझी चुकली होती. म्हणून तुमचं पत्र वाचलं तेव्हा पहिलं डोळ्यासमोर आलं ते तुमचं ग्राफचं प्रिंट, कारण कारागीर शेवटी तो कागद मागाशेजारी चिकटवूनच काम करतो ना.

तर एसडीएलचं. लायब्ररी चांगलीच आहे, सॅम लँटिंगाने १९९८ मध्ये सुरू केली, पुढे तो लोकी नावाच्या कंपनीत होता जी विंडोजचे गेम लिनक्सवर आणायची. म्हणजे पोर्टिंग हेच तिचं जन्मापासूनचं काम. पण खिडकी, कीबोर्ड, आवाज, जॉयस्टिक हे तिचं जग. त्यात मेनू नाही, फाइल उघडायचा डायलॉग आत्ता आत्ता तिसऱ्या आवृत्तीत आला, टूलबार तुम्हीच काढायचा, प्रिंट नाही. तुमच्या मित्राने गेम केला असेल तर त्याचा सल्ला त्याच्यापुरता बरोबर आहे.

व्हल्कनचं जरा सविस्तर सांगते, कारण धाकट्याचा मुद्दा पोरकट नाहीये. ओपनजीएल १९९२ चं आहे, व्हल्कन २०१६ चं, आणि नवीन काम तिकडेच चाललंय हे खरं. ॲपलने तर २०१८ पासून मॅकवर ओपनजीएल जुनं झालं म्हणून जाहीर केलंय आणि त्यांच्याकडे ते ४.१ वरच थांबलंय. पण तुम्ही मॅकवर जाताय का? नाही. तुम्ही जाताय ज्या मशीनवर विंडोज ११ चढत नाही अशा मशीनवर, म्हणजे टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेली, इंटेलच्या चौथ्या-पाचव्या पिढीतली, ग्राफिक्स कार्ड वेगळं नसलेली. अशा चौथ्या पिढीच्या मशीनवर लिनक्सचा मेसा हा ग्राफिक्सचा ड्रायव्हर व्हल्कन सुरू करताना स्वतःच इशारा देतो की इथला सपोर्ट अर्धवट आहे. आणि त्याच मशीनवर तोच मेसा ओपनजीएल झकास चालवतो. ज्या गिऱ्हाइकांसाठी हे सगळं चाललंय त्यांच्याच मशीनवर जे नीट चालणार नाही ते घेऊन काय करायचं? शिवाय व्हल्कनमध्ये एक साधा त्रिकोण पडद्यावर आणायला हजाराच्या आसपास ओळी लिहाव्या लागतात, मेमरी, रांगा, कधी काय संपलं हे सगळं आपणच सांभाळायचं. लाखो त्रिकोण दर सेकंदाला साठ वेळा काढायचे असतील तिथे त्या कष्टाचं चीज होतं. तुमचा प्रिव्ह्यू माउस हलला की एकदा काढायचा आहे.

तुमचा जुना ओपनजीएलचा कोड बहुतेक बिगिन-एंडवाला, म्हणजे एकेक बिंदू सांगत जाणारा जुन्या पद्धतीचा असणार, आणि तो लिनक्सवर अजूनही चालतो, फक्त ओपनजीएल सुरू करताना जुनी फंक्शनं काढून टाकलेलं नवं कोअर प्रोफाइल मागू नका, साधा जुना कॉन्टेक्स्ट मागा. बदलायचं ते एवढंच की डब्ल्यूजीएलने सुरू होणारी जी फंक्शनं आहेत, कॉन्टेक्स्ट बनवणारी, पिक्सेल फॉरमॅट ठरवणारी, ती विंडोजची आहेत, तिथे डब्ल्यूएक्सचा जीएल कॅनव्हास येईल. आणि प्रिव्ह्यूवर अक्षरं काढायला डब्ल्यूजीएलचं फाँट बिटमॅपवालं फंक्शन वापरलं असेल तर तेही जाईल, ते आधीच शोधून ठेवा.

ब्राउझरवाल्या मार्गाबद्दल एवढंच म्हणते की तो पोर्ट नाही, ते सगळं नव्याने लिहिणं आहे, आणि ४ जीबीच्या मशीनवर प्रत्येक प्रोग्रामसोबत क्रोमियमसारखा एक अख्खा ब्राउझर उघडणं गिऱ्हाइकाला झेपणार नाही.

मग उरतात खरे दोन, क्यूटी आणि डब्ल्यूएक्सविजेट्स. (जीटीके ही लिनक्सवरची खिडक्या-मेनूंची लायब्ररी थेट वापरायची तर सी प्लस प्लसवाल्याला जरा अडचणीचं पडतं, आणि विंडोजवर तुमची तीच आवृत्ती चालू ठेवायचीय हेही विसरू नका, दोन्हीकडे एकच कोड चालला पाहिजे.) क्यूटी नव्याने सुरू करणाऱ्याला मी डोळे झाकून सांगितलं असतं. तिचा क्यूपेंटर म्हणजे एकच चित्र काढायचा कोड, तो पडद्यावर द्या, प्रिंटरवर द्या, पीडीएफवर द्या, आणि कागदपत्रं तर इतकी नीट लिहिलेली की पुस्तक लागत नाही. पण तुमच्याकडे वीस वर्षांचा एमएफसी आहे दादा. डब्ल्यूएक्स १९९२ मध्ये एडिंबरा विद्यापीठात ज्युलियन स्मार्टने सुरू केली आणि तिची घडण एमएफसीच्या इतकी जवळची आहे की तुमचा हात आपोआप चालेल. मेसेज मॅपच्या जागी इव्हेंट टेबल, चित्र काढायच्या सीडीसी क्लासच्या जागी डब्ल्यूएक्सडीसी, डॉक्युमेंट-व्ह्यू तसंच, प्रिंटसाठी पान-पान बोलावणारं फंक्शन तसंच. तुम्ही दोघंच आहात, चालू गिऱ्हाइकं सांभाळत हे करायचंय, तेव्हा डोक्याला कमी वळसे घालावे लागतील तेच बरं.

लायसन्सचंही बघितलंय. क्यूटी २००९ पासून एलजीपीएल या मोकळ्या लायसन्समध्ये मिळते, कोड बंद ठेवूनही चालतं, पण लायब्ररी वेगळी जोडावी लागते, गिऱ्हाइकाला ती बदलता आली पाहिजे, आणि क्यूटीचे काही भाग फक्त जीपीएल या जास्त कडक लायसन्समध्ये आहेत, ते चुकून घेतले तर तुमचा कोड उघडा करावा लागेल नाहीतर पैसे भरून लायसन्स घ्यावं लागेल. डब्ल्यूएक्सच्या लायसन्समध्ये खास सूट आहे, एकाच एक्झिक्युटेबलमध्ये बांधून तुमच्या अटींवर विकलं तरी चालतं.

आता मराठी, आणि इथे जरा थांबा, कारण हे तुम्ही पत्रात एका शब्दानेही लिहिलेलं नाहीये आणि मला खात्री आहे की तुमच्या मेनूत, डिझाइनच्या नावांत, प्रिंटच्या मथळ्यावर मराठी आहे. २००५ चं सॉफ्टवेअर म्हणजे ते बहुधा जुन्या पद्धतीच्या फाँटमधलं, जिथे इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे. त्या फाइली लिनक्सवर उघडल्या की त्यातली बरीच अक्षरं यूटीएफ-८ म्हणून, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीने, वाचलीच जात नाहीत आणि पडद्यावर चौकोन येतात. तेव्हा युनिकोडमध्ये बदलून घ्यावं लागेल आणि ते नुसतं अक्षराला अक्षर बदलून होत नाही. "किनार" हा शब्द घ्या. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी आधी टाइप होते मग क, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये क आधी आणि वेलांटी नंतर, दाखवणाऱ्याने ती उचलून पुढे न्यायची. "दर्जा"चा रफार उलट, जुन्या फाँटमध्ये जा झाल्यावर येतो, युनिकोडमध्ये र आणि हलन्त ज च्या आधी बसतात. म्हणजे तुमच्या कन्व्हर्टरला नुसती अदलाबदल येऊन भागणार नाही, मागेपुढे करणंही यायला पाहिजे.

आणि साठवलं बरोबर तरी दाखवणारा तयार हवा. विंडोजवर टेक्स्टआउटला मजकूर दिला की युनिस्क्राइब मागच्या मागे जोडाक्षरं जुळवायचं, तुम्हाला पत्ताही लागत नव्हता. लिनक्सवर ते काम हार्फबझ करतं, आणि तुमची लायब्ररी हार्फबझला विचारते की नाही हा माझ्या मते निवडीतला सगळ्यात मोठा प्रश्न आहे. डब्ल्यूएक्स लिनक्सवर जीटीकेवर बसते, जीटीके पँगोला विचारतं, पँगो हार्फबझला, म्हणून तिथे फुकटात मिळतं. क्यूटीतही हार्फबझ आहे. नुसत्या फ्रीटाइपने एकेक अक्षर काढणाऱ्या कितीतरी छोट्या लायब्रऱ्यांत नाहीये. परीक्षा घ्यायला माझा एक ठरलेला शब्द आहे आणि तो तुमच्याच धंद्यातला निघाला, "दोऱ्या". यातला र हा डोळ्याच्या पापणीसारखा आडवा यायला पाहिजे, तो आपल्या मराठीचा खास आहे. लायब्ररीने "दोर्या" असा डोक्यावर रफार दिला, किंवा नुक्त्यासकट सुटा र आणि हलन्त दाखवला, तर पुढे बघायचंच नाही. फाँट मात्र सोबत तुमचा द्या, विंडोजचा मंगल उचलून वाटता येत नाही, नोटो किंवा मुक्ता घ्या, त्यांचं लायसन्स मोकळं आहे. आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून सांगा, फाँटात सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात.

प्रिंटिंगला डब्ल्यूएक्सचा रस्ता तुमच्या ओळखीचाच आहे म्हटलं, पण एक खड्डा दाखवून ठेवते. जीडीआयमध्ये तुम्ही मिलिमीटरचं मॅपिंग वापरलं असेल, एमएम लोमेट्रिक वगैरे, तर तिथे वाय वर जाताना वाढतो. डब्ल्यूएक्समध्येही त्याच नावाचं मॅपिंग आहे पण वाय आपणहून उलटत नाही, खालीच वाढतो. नुसतं नाव बदलून कोड आणला तर ग्राफ उलटा छापला जाईल. आता गणपतीचं चित्र उलटं आलं तर लगेच कळतं हो, पण पेग प्लॅन, म्हणजे कुठल्या ओळीला कुठले धागे उचलायचे तो तक्ता, उलटा आला तर कळत नाही! ट्विल म्हणजे तिरक्या रेघांची वीण, तिची तिरकस दिशा बदलून झेड ट्विलचं एस ट्विल होतं, दिसायला अगदी नीटनेटकं, आणि कळतं ते कापड मागावरून उतरल्यावर. म्हणून पहिली टेस्ट साध्या प्लेन विणीची करू नका, ती उलटी-सुलटी सारखीच दिसते, २/१ ट्विलची करा आणि पहिल्या पिकवर, म्हणजे पहिल्या आडव्या धाग्यावर, खूण करा.

तसाच दुसरा धोका बिटमॅपचा. विंडोजच्या डीआयबी या बिटमॅपच्या साच्यात ओळी खालून वर साठवलेल्या असतात, रंग निळा-हिरवा-लाल अशा क्रमाने, आणि प्रत्येक ओळ ४ बाइटच्या पटीत भरून काढलेली. रंगाचा क्रम चुकला तर लाल किनार निळी होते, ते दिसतं. ओळीच्या लांबीचं मात्र फसवं आहे. २६८८ हुकांच्या जॅकार्डला ४ ने पूर्ण भाग जातो, तिथे विसरलात तरी सगळं बरोबर दिसेल आणि तुम्ही पुढे जाल. मग कोणीतरी ९० कॉलमचं डिझाइन उघडेल, त्याची ओळ साठवताना ९२ बाइटची झालेली असते, वाचताना ९० धरली की प्रत्येक ओळ दोन घरं सरकत जाते आणि डिझाइन तिरकं पडतं. आणि विणीच्या ग्राफमध्ये तिरकं म्हणजे परत ट्विलच वाटतं. तुमच्या टेस्टमध्ये ४ ने भाग न जाणारी डिझाइनं मुद्दाम घाला.

याच्याही वर एक गोष्ट, माझं ऐकाल तर हीच सगळ्यात आधी करा. डिझाइन कुठल्याही लायब्ररीच्या इमेजमध्ये ठेवू नका. तुमच्याकडे प्रत्येक घर म्हणजे रंग नाहीये, नंबर आहे, ३ नंबर म्हणजे कुठली वीण, कुठला बाणा (आडवा धागा). डब्ल्यूएक्सची इमेज आतून २४ बिटांची लाल-हिरवा-निळा आहे, तिच्यात टाकलं की नंबर गेला आणि रंग उरला, आणि दोन विणींना सारखा रंग दिलेला असेल तर परत फिरायला वाट नाही. स्वतःचा साधा बाइटचा ॲरे ठेवा, रंग फक्त काढताना लावा. प्रिव्ह्यूच्या टेक्स्चरलाही जवळचाच पिक्सेल घे असं सांगा, नाहीतर ओपनजीएल शेजारच्या घरांचे रंग एकमेकांत मिसळून देतं.

कामाची सुरुवात लिनक्सवर करू नका, विंडोजवरच करा. कोडमध्ये सीडीसी कुठे कुठे आहे ते शोधा आणि तुम्ही खरोखर किती प्रकारची फंक्शनं वापरता ते एका कागदावर लिहा. रेघ, चौकोन, भरलेला चौकोन, चित्र ताणून टाकणं, मजकूर, मजकुराची रुंदी, क्लिपिंग, फार तर पंधरा निघतील. त्या पंधरांचा स्वतःचा एक पातळ थर बनवा आणि बाकी सगळ्या कोडला सांगा की यापुढे चित्र काढायचं तर याच्यातूनच. आज त्या थराच्या पोटात जीडीआय असेल, उद्या डब्ल्यूएक्स, आणि धाकट्याला दहा वर्षांनी व्हल्कन घालायचं असेल तर तेही तिथेच जाईल. डूम हा गेम बघा, १९९३ चा, त्यात चित्र, आवाज आणि सिस्टिमचं काम आय या अक्षराने सुरू होणाऱ्या मोजक्या फाइलींत कोंडून ठेवलंय, बाकीचा गेम नुसता ३२० बाय २०० च्या बफरमध्ये लिहितो, म्हणून लोकांनी तो वाटेल त्या यंत्रावर नेऊन चालवला. आणि १९९७ ला त्यांनी कोड खुला केला तेव्हा डॉसची आवृत्ती देता आली नाही, लिनक्सची दिली, कारण डॉसमधली आवाजाची लायब्ररी दुसऱ्याची होती. लायसन्सचं मी वर का बोलले ते यावरून लक्षात येईल.

विंडोजवर असतानाच अजून एक साफसफाई करता येते. माउस ओढताना निवडीचा चौकोन दाखवायला तुम्ही एक्सऑर पेन वापरत असणार, एकदा काढला की दिसतो, परत काढला की पुसतो, आणि तेही थेट माउसमूव्हमध्ये क्लायंट डीसी घेऊन. ही युक्ती वेलँडवर, म्हणजे लिनक्सच्या नव्या पडदा-व्यवस्थेवर, धरून चालू नका, तिथे पेंट इव्हेंटच्या बाहेर काढलेलं दिसतच नाही. माउस हलला की फक्त नवी जागा लक्षात ठेवायची, खिडकीला पुन्हा काढ म्हणायचं, आणि सगळं चित्र एकाच ठिकाणी पेंटमध्ये काढायचं. विंडोजवर हे बदलून गिऱ्हाइकांना देऊन टाका, महिनाभर वापरू द्या, चुका तिथेच निघतील.

आणि गिऱ्हाइकं तोवर थांबणार कशी हा तुमचा खरा घोर आहे हे पत्रातून जाणवतंय. त्यासाठी वाइन आहे, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर. १९९३ पासून त्यावर काम चाललंय, एमएफसी आणि जीडीआयचे जुने प्रोग्राम त्यावर बऱ्याचदा एका फटक्यात चालतात, तुमचा जुना फाँट सुद्धा त्यात टाकता येतो. एका जुन्या मशीनवर लिनक्स मिंट टाका, वाइन टाका, आणि तुमचं सॉफ्टवेअर रविवारी दिवसभर वापरून बघा. चाललं तर गिऱ्हाइकाला तेवढ्यावर वर्षभर नीट काढता येईल आणि तुम्हाला घाई न करता पोर्ट करता येईल.

फक्त त्या रविवारच्या आधी एक फोन करा. तुमच्यासारखी बरीचशी सॉफ्टवेअरं यूएसबी डोंगलवर, म्हणजे ते लावल्याशिवाय प्रोग्राम उघडत नाही अशा किल्लीवर, चालतात, तुमचंही तसं असेल तर डोंगलवाल्याकडे लिनक्सचा ड्रायव्हर आहे का ते विचारा, कारण वाइनमध्ये डोंगल बहुतेक वेळा दिसत नाही आणि ड्रायव्हर नसेल तर वरचं सगळं करूनही प्रोग्राम पहिल्याच खिडकीवर थांबेल. काय म्हणतात ते मला कळवा, आणि सोबत "दोऱ्या"चा स्क्रीनशॉट पाठवा.